सत्तावन्न सेकंद जास्तीचा चंद्र

पदनाम : मनोरा-घड्याळ किल्लीधारक (हंगामी). हंगाम : पतीच्या निधनापासून पुढील आदेशापर्यंत, आदेश अप्राप्त. लिंग : छापील नमुन्यात ‘पुरुष’, त्यावर आडवी रेघ, रेघेवर साहेबांची सही. कर्तव्ये : घड्याळास आठवड्यातून एकदा किल्ली देणे, तेल देणे, कबुतरांस थारा न देणे. ताब्यातील मालमत्ता : लोखंडी हँडल एक, तेलाची डबी एक, चंद्र एक (पत्र्याचा, पोकळ, अर्धा पांढरा, अर्धा काळा). चंद्राबाबत जबाबदारी : नियमांत उल्लेख नाही. वर्तणूक : समाधानकारक, उलट उत्तरे वगळता. शारीरिक क्षमता : पदास योग्य.

डाव्या गुडघ्याची वाटी झिजली होती आणि मनोऱ्याला लिफ्ट नव्हती.

गावात त्यांना घड्याळमावशी म्हणत. समोर म्हणत आणि पाठीमागेही तेच म्हणत, यावरून त्यांचा दरारा लक्षात यावा. पालिकेच्या मनोऱ्यावर चारी बाजूंना तबकड्या होत्या आणि बाजाराकडच्या तबकडीखाली एक गोल खिडकी होती. त्या खिडकीत हा पत्र्याचा चंद्र स्वतःभोवती हळूहळू फिरायचा. पांढरी बाजू समोर आली की पौर्णिमा, काळी आली की अमावास्या. एक फेरा म्हणजे एक महिना. कल्पना सुरेख होती. फक्त ज्याने ती राबवली, त्याला पूर्ण आकड्यांचा सोस होता. त्याने चंद्राला तीस दातांचं चाक दिलं, रोज एक दात. तीस दिवस, महिना संपला, हिशेब चुकता.

खरा चंद्र एवढा वेळ घेत नाही. तो साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडंसं एवढ्यातच फेरा उरकतो. त्यामुळे पत्र्याचा चंद्र दर महिन्याला जवळजवळ अर्धा दिवस मागे पडायचा. दोन महिन्यांनी मावशी वर चढत, मागचं झाकण उघडत आणि बोटाने चाक एक दात पुढे ढकलत. आधी नवरा ढकलायचा. तो गेल्यावर हँडल, डबी आणि हे ढकलणं एकदमच वारशात आलं. बाजारातल्या बाकावर बसणारे म्हातारे म्हणत, “आज चंद्र सुस्त दिसतोय. मावशींना बरं नाही वाटतं.” बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

मग पालिकेने घड्याळाला मोटर बसवायचं ठरवलं.

ही बातमी घेऊन नवे इंजिनिअर साहेब स्वतः मावशींच्या घरी आले. माणूस भला होता. बसायच्या आधी चपला काढल्या, चहाला नाही म्हणाला नाही.

“मावशी, मोटर आपोआप किल्ली देणार. तुम्हाला आता जिने चढायला नकोत.”

“चांगलं झालं,” मावशी म्हणाल्या. “आणि चंद्राला कोण ढकलणार?”

साहेबांनी कप खाली ठेवला. हा प्रश्न येणार हे त्यांना माहीत होतं. “तेच सांगायचं होतं. चंद्र सारखा चुकतो. मोटरला बोट नसतं. म्हणून ती खिडकी विटांनी बंद करून वर गिलावा करायचा ठरलंय. मोटरच्या ओट्यासाठी चार महिन्यांनी गवंडी येईलच, तेव्हाच ते काम उरकून घेऊ.”

“आणि चुकायचा थांबला तर?”

“तर कशाला बंद करू? पण तो थांबेल कसा?”

“ते मी बघते. चार महिने म्हणालात ना?”

साहेब हो म्हणाले. म्हाताऱ्या बाईला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. चार महिन्यांनी गवंडीच म्हणेल, असा त्यांचा हिशेब असावा.

त्या रात्री मावशींना जेवण गेलं नाही. किल्ली देणं हे काम कुणीही करू शकतं, आता मोटरही करणार होती, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण इतकी वर्षं स्वतःच्या बोटाने चालवलेला चंद्र भिंतीत चिणला जाणार, हे काही घशाखाली उतरेना. चंद्र वाचवायचा तर त्याने मावशींशिवाय चालायला शिकायला हवं होतं.

जावई गणिताचे प्राध्यापक होते. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहत. सासूसमोर ते नेहमी तोंडी परीक्षेला बसल्यासारखे वागत. दुसऱ्याच दिवशी मावशींनी त्यांना बोलावून घेतलं.

“जावईबापू, चंद्राचा महिना नेमका केवढा?”

जावयांनी आनंदाने घसा साफ केला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि सासूने गणितातलं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. “सेकंदांत सांगू? पंचवीस लाख एक्कावन्न हजार चारशे त्रेचाळीस.”

“मग तेवढ्या सेकंदांत फिरेल असं करून द्या.”

“आई, ते इतकं सोपं नाही.”

“सोपं असतं तर मीच केलं असतं. तुमच्या चहात साखर किती, हे विचारायला का बोलावलं मी तुम्हाला?”

अडचण अशी होती. चाकांना बेरीज कळत नाही, गुणाकार कळतो. एका चाकाने दुसऱ्याला आठपट हळू केलं आणि दुसऱ्याने तिसऱ्याला चौपट, तर तिसरं बत्तीसपट हळू फिरतं. म्हणून महिन्याचे सेकंद लहान लहान संख्यांच्या गुणाकारात फुटले पाहिजेत. प्रत्येक तुकडा म्हणजे एक चाक. आणि चंद्रामागच्या चाकांच्या पेटीत शंभराहून जास्त दातांचं चाक मावत नव्हतं.

जावयांनी पाटी मागितली. पाटी नव्हती, म्हणून मावशींनी खडू दिला आणि स्वयंपाकघरातली फरशी दाखवली. जावई गुडघ्यांवर बसून अवयव पाडू लागले. संख्या विषम, तेव्हा दोन बाद. अंकांची बेरीज चोवीस, तेव्हा तीनने भाग गेला. उरले आठ लाख पन्नास हजार चारशे एक्क्याऐंशी. जावई खूश झाले. मग पाच पाहिला. सात, अकरा, तेरा पाहिले. सतराला ते फरशीच्या मध्यावर होते, त्रेचाळीसला शेगडीपाशी. मावशी हातात भांडं घेऊन आकड्यांवरून उड्या मारत पलीकडे जात होत्या.

संध्याकाळी लेक नवऱ्याला शोधत आली आणि दारातच थबकली. “आई, काय केलंस त्यांना?”

“काही नाही गं. भागाकार करतायत.”

“घरी दळण आणायला सांगितलं तर कंबर धरते यांची.”

सत्त्याण्णवपर्यंत तपासून जावई भिंतीला टेकले. चेहऱ्यावर हरलेल्या माणसाची कळा नव्हती, एखाद्या मोठ्या माणसाची नुकतीच ओळख झाल्यासारखा भाव होता. “आई, विलक्षण संख्या आहे. एकदा तीनला वाट देते, त्यानंतर शंभरापर्यंत कुणालाही दारात उभं करत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे हिची चाकं होणारच नाहीत. पुढचं चाक शंभराहून मोठंच लागणार, मग ते कितीही मोठं असो.”

“तुम्ही तिचं कौतुक करताय की तिच्यावर उपाय शोधताय?”

उपाय शोधायला आणखी काही दिवस गेले. जावयांनी शेवटी त्या संख्येचा नाद सोडला आणि तिच्या शेजाऱ्यांकडे वळले. एक खाली, एक वर, दोन खाली, दोन वर. काही फुटल्या, पण त्यांची चाकं लावली असती तर पेटीत चंद्राला जागा उरली नसती. लेकीने एव्हाना नवऱ्याचा डबा आईकडेच पाठवायला सुरुवात केली होती. आणि एका दुपारी, हातपाय न धुता, जावई धावत आले.

“आई, सापडली! पंचवीस लाख एक्कावन्न हजार पाचशे!”

“त्यात काय आहे?”

“सगळं आहे! दोन दोनदा, तीन सहा वेळा, पाच तीनदा आणि सात एकदा. बस्स. सातच्या वर काहीच नाही! शेजारीण अशी अडेल, आणि ही म्हणजे नुसतं बोट लावलं की भुगा.” त्यांनी खडू उचलला. “दिवसाच्या सेकंदांनी भागलं की उरतं नऊशे पंचेचाळीस भागिले बत्तीस. तुमचं जुनं तीस दातांचं चाक तसंच ठेवायचं. त्रेसष्ट दातांचं एक नवं, आठ-आठ दातांची दोन लहान. संपलं. आणि आई, नऊशे पंचेचाळीस ही साधी संख्या नाही. जिचे स्वतःहून लहान भाजक मिळवले की बेरीज तिच्याहून जास्त भरते, अशी ती पहिली विषम संख्या आहे. नऊशे पंच्याहत्तर भरते!”

“म्हणजे मिळकतीपेक्षा खर्च जास्त,” मावशी म्हणाल्या. “त्यात पहिली कसली, आपल्या गल्लीत घरटी एक आहे. मला एवढंच सांगा, पाचशे आणि चारशे त्रेचाळीस एकच का?”

जावयांचा खडू थांबला. “नाही. सत्तावन्न सेकंद जास्त आहेत. महिन्याला.”

“मग खोटं आहे.”

“आई, एक दिवस चुकायला एकशे बावीस वर्षं लागतील.”

“चुकेल ना पण? तीस दातवाल्यानेही असंच म्हटलं असेल, चालतंय की. आयुष्यभर ते चालतंय ढकलत आले मी. मला चुकणारा चंद्र नको. तो साहेब विटा घेऊन बसलाय आणि मी त्याला सांगू, थोडाच चुकतो?”

 मावशी दोन दिवस जावयांशी फक्त चहापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी जावई, मोठं धाडस करून, न बोलावता आले.

“आई, एक सांगायचं राहून गेलं. ते चारशे त्रेचाळीस, तीही सरासरीच आहे.”

“कशाची?”

“चंद्राची. खरा चंद्र प्रत्येक महिन्यात तेवढेच सेकंद घेत नाही. कधी काही तास लवकर येतो, कधी काही तास उशिरा. सगळे महिने मिळवून भागले की ती संख्या येते.”

मावशींनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. “म्हणजे तो वरचासुद्धा वेळ पाळत नाही?”

“तासांनी मागेपुढे होतो.”

“आणि आपला सत्तावन्न सेकंदांनी?”

“हो.”

“मग आधी सांगायचं नाही का, जावईबापू! दोन दिवस मी तुम्हाला बिनसाखरेचा चहा दिला.”

जावयांना ते कळलं होतं. त्यांना वाटलं, साखर महागली.

चाकं करायची होती ती लेथवाल्याकडे. तो मावशींच्या नवऱ्याचा दोस्त. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक लेथ, आणि बोलण्यासाठी एक स्टूल. त्याने जावयांची चिठ्ठी दिव्याखाली धरून वाचली, हूं म्हणाला, आणि पंधरा दिवसांनी पितळेची चाकं फडक्यात गुंडाळून आणून दिली. मावशींनी ती जावयांच्या मदतीने बसवली. मदत म्हणजे जावयांनी कंदील धरला आणि दोनदा विचारलं की हे पडणार तर नाही ना. पौर्णिमेच्या दिवशी पांढरी बाजू नेमकी समोर आणून मावशींनी झाकण लावलं आणि ठरवलं की आता हात लावायचा नाही.

दोन महिन्यांनी, दुसऱ्या पौर्णिमेला, त्या वर चढल्या. वाटेत तीनदा बसल्या. झाकण उघडून पाहिलं तर चंद्राच्या एका अंगाला नखाएवढी काळी कड राहिली होती.

खाली आल्यावर त्या जावयांच्या घरीच गेल्या. “तुमची संख्या चुकली.”

जावई पांढरेफटक पडले. त्यांनी सगळं पुन्हा केलं, या वेळी स्वतःच्या घरच्या फरशीवर. लेकीने शांतपणे मुलांना आजीकडे पाठवलं. उत्तर तेच आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गवंडी यायला आठवडा राहिला होता.

“संख्या बरोबर आहे, आई. मला समजतच नाही.” मग त्यांनी डोकं वर केलं. “किती मागे पडलाय तो?”

“पूर्वी पडायचा तेवढाच. तसूभर कमी नाही, जास्त नाही. मला त्याची चाल ठाऊक आहे.”

“पूर्वीइतकाच म्हणजे महिना तीस दिवसांचा. बरोबर तीस?”

“बरोबर तीस.”

जावई खडू धरून बसले. काहीतरी गुणिले तीस, भागिले आठ, भागिले आठ, उत्तर तीस. आठ आठे चौसष्ट. तर ते काहीतरी... “आई,” ते हळूच म्हणाले, “त्या नव्या चाकाचे दात मोजलेत का तुम्ही?”

“मी का मोजू? त्रेसष्ट लिहून दिले होते ना तुम्ही.”

“चौसष्ट असतील तर महिना बरोबर तीस दिवसांचा होतो.”

दुसऱ्या दिवशी चाक काढून आणलं. एका दाताला खडू लावून मावशींनी बोटाने मोजायला सुरुवात केली. चौसष्ट भरले. तसंच चाक पदराखाली धरून त्या लेथवाल्याकडे गेल्या.

“भाऊजी, हे किती दात आहेत?”

“चौसष्ट,” लेथवाला अभिमानाने म्हणाला.

“चिठ्ठीत किती होते?”

“त्रेसष्ट. मी सुधारून दिलं.”

“काय केलं?”

“वहिनी, त्रेसष्ट दातांचं चाक कोण मागतं? माझ्या आख्ख्या आयुष्यात कुणी मागितलं नाही. चौसष्टची भोकं माझ्या दात आखायच्या तबकडीवर आयती आहेत, निम्मं करा, पाव करा, कसंही येतं. मला वाटलं, जावईबापू शिकलेले आहेत, पण घाईत चुकले असतील. चारचौघांत त्यांची अब्रू जाऊ नये म्हणून मी गुपचूप दुरुस्त केलं. सांगितलंसुद्धा नाही कुणाला.”

मावशी स्टुलावर बसल्या. राग यायला हवा होता, पण हसू आलं, आणि ते थांबेना. “अहो, तुम्ही पुन्हा तेच जुनं घड्याळ करून दिलंत! इतकी चाकं बदलून चंद्र होता तिथेच!”

लेथवाल्याने चाक परत घेतलं, चिठ्ठी पुन्हा वाचली आणि त्रेसष्ट या संख्येवर बराच वेळ टीका केली. तिला चारने भाग जात नाही, तिच्यासाठी तबकडीवरचं वेगळंच वर्तुळ शोधावं लागतं, हिला घेऊन माणसाने करायचं काय. टीका करता करताच त्याने मशीन लावलं. या वेळी दात तिघांनी मोजले.

चाक बसलं त्याच सकाळी साहेब मनोऱ्यापाशी आले. बरोबर गवंडी, गवंड्याबरोबर विटा.

“मावशी, चार महिने झाले. काय झालं चंद्राचं?”

मावशींना खोटं बोलता आलं असतं. साहेबांना चंद्राची चाल ठाऊक नव्हती. “दोन महिने चुकला, साहेब. चाकाला एक दात जास्त पडला होता. आज सकाळी बदललं, चंद्रही जागेवर आणला.”

“एका दाताने काय होतं?”

“महिना बरोबर तीस दिवसांचा होतो. त्यावर पगार चालतो, चंद्र चालत नाही.”

गवंडी हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी खिडकीकडे वर पाहिलं. शेजारी जावई उभे होते. साहेबांनी त्यांना विचारलं, “खरंच जमेल हे? कागदावर नाही, तिथे वर?”

आता जावई फुशारकी मारू शकले असते. ते म्हणाले, “कागदावर जमतं हे मला ठाऊक आहे. वर जमतं का ते आईंना कळेल.”

साहेबांनी गवंड्याला सांगितलं, “आधी मोटरचा ओटा कर. मग तळमजल्याची फरशी. खिडकी सगळ्यात शेवटी.” आणि मावशींकडे वळून म्हणाले, “फरशी हळू हळू करायला सांगतो.”

फरशी इतकी हळू झाली की पालिकेत त्याबद्दल प्रश्न विचारला गेला. मोटर बसली, सुरू झाली, किल्लीचं हँडल भांडारात जमा झालं. पहिली पौर्णिमा गेली. मावशींनी बाजारातून पाहिलं, पण महिन्याभरात अर्ध्या दिवसाचा फरक खालून कळत नाही, हे त्यांनाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. बाकावरचे म्हातारेही बोलले नाहीत, कारण त्यांनी आपसात पैजा लावल्या होत्या.

दुसऱ्या पौर्णिमेला त्या वर चढल्या. बरोबर साहेब, जावई आणि, स्वतःच्या अब्रूचा प्रश्न म्हणून, लेथवाला. सगळ्यांनी वाटेत बसायच्या जागा मावशींना विचारून घेतल्या. वर पोचल्यावर झाकण मावशींनीच उघडलं. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग चंद्राच्या कडेवरून अंगठा फिरवला. काळं कुठेच नव्हतं.

“काय म्हणतो?” साहेबांनी विचारलं.

“काही म्हणत नाही,” मावशी म्हणाल्या. “पहिल्यांदाच.”

जावयांनी चष्मा काढून पुसला. लेथवाला म्हणाला की त्रेसष्ट ही संख्या दिसते तेवढी वाईट नाही. आणि मावशींना अचानक एक वेगळीच काळजी पडली. “जावईबापू, एकशे बावीस वर्षांनी याला एक दिवस पुढे ढकलायला कोण येणार?”

“कोणीतरी येईल, आई.”

“कोणीतरी म्हणजे कोण? त्याला झाकण कुठून उघडतं तेही कळणार नाही.” आणि तिथेच त्यांनी साहेबांना झाकण उघडायला शिकवलं, दोनदा करून घेतलं, बोट कुठल्या दातावर ठेवायचं ते दाखवलं, आणि पुढच्या साहेबाला शिकवायचं वचन घेतलं.

आठवड्याने लेखी आदेश आला. विषय : चंद्र-खिडकी बंद करणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर खिडकी बंद करण्याचे प्रयोजन तूर्त उरलेले नसल्याने विटा भांडारात परत घेण्यात याव्यात. चंद्राची पुढील दुरुस्ती एकशे बावीस वर्षांनी देय असून तोपर्यंत संबंधितांनी सतत दक्ष राहावे, वेळोवेळी पाहणी करावी व पाहणीचा अहवाल विहित मुदतीत सादर करावा.

पुढच्या महिन्यात मनोऱ्यात कुणीही चढलं नाही. चंद्र वेळेवर भरला.